शाळेचा कान

आपल्या भाषेत विद्वान माणसाला ‘बहुश्रुत’ म्हणतात. ज्याने पुष्कळ ऐकले आहे, तो बहुश्रुत. पोथी हाती येण्यापूर्वीच्या काळात ज्ञान कानांवाटे येत असे आणि ते कानांवाटेच पुढच्या पिढीकडे जात असे, याची खूण या एका शब्दात शिल्लक राहिली आहे. आमच्या वसतिगृहाच्या दिवसांतही पुस्तके मोजकी होती. मात्र भोजनगृहाच्या कोनाड्यात एक रेडिओ होता. सायंकाळच्या वंदनेनंतर आणि जेवणापूर्वी तो लागत असे. शेतीची माहिती, बातम्या, लोकगीते, हवामान, यांतील जे येईल ते आम्ही ऐकत असू. गावाबाहेरचे जग प्रथम आमच्यापर्यंत पोहोचले ते त्या खरखरीतून.

तो रेडिओ पुढे बंद पडला, दुरुस्त झाला, पुन्हा बंद पडला आणि शेवटी अडगळीत गेला. शाळेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त आम्ही चार माजी विद्यार्थी एकत्र आलो तेव्हा त्याची आठवण निघाली. आमच्यापैकी एक केबलचा व्यवसाय करतो, एक वीज कंपनीत तंत्रज्ञ आहे, एक तंत्रनिकेतनात शिकवतो आणि एक पुण्यात संगणकाची नोकरी करतो. शाळेला रेडिओ पुन्हा द्यावा, पण असा द्यावा की तो वसतिगृहातल्या मुलामुलींना संगणक-कक्षातून ऐकता येईल आणि शाळा सोडून दूरदेशी गेलेल्यांनाही साध्या ब्राउझरमधून ऐकता येईल, असा विचार आमच्या मनात आला. त्या विचाराची आणि त्यापायी झालेल्या उठाठेवीची ही हकिकत आहे.

माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत हा प्रस्ताव मांडला तेव्हा तो सर्वांना पटला नाही, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. शाळेला जलशुद्धीकरण यंत्र हवे होते, मुलींच्या वसतिगृहाच्या खिडक्यांना जाळ्या हव्या होत्या. मागच्या बाकावर बसलेले एक वृद्ध पालक उठले आणि म्हणाले, “भाऊ, याच्यानं पोट्ट्याइचं पोट भरते काय?” सभा हसली, आम्हाला मात्र हसू आले नाही. प्रश्न रास्त होता. ज्यांची मुले सहा-सहा महिने आईबापांपासून दूर राहून शिकतात, त्यांना प्रत्येक रुपयाचा हिशेब विचारण्याचा अधिकार आहे. म्हणून आम्ही ठरवले की, महोत्सवाच्या निधीतील एकही रुपया या कामाला लावायचा नाही. यंत्र आणि जाळ्या आधी. त्यानंतर रेडिओ, तोही आम्हा चौघांच्या खिशातून. एकंदर खर्च १४ हजारांच्या आत राहिला. त्या वृद्ध पालकांच्या प्रश्नाकडे आपण पुढे पुन्हा वळू.

हे यंत्र नेमके काय आहे, ते पालकबांधवांसाठी थोडक्यात सांगतो. जुन्या रेडिओत स्टेशन लावण्याचे काम गँग कंडेन्सर, तारेची वेटोळी आणि ट्रान्झिस्टर करीत असत. सॉफ्टवेअर रेडिओत ही बहुतेक कामे गणिताने होतात. अँटेनावर आलेल्या लहरीची उंची एका लहानशा चिपकडून दर सेकंदाला लाखो वेळा मोजली जाते आणि त्या आकड्यांचा प्रवाह संगणकाकडे जातो. हवे ते स्टेशन वेगळे काढणे, त्यातून आवाज सोडवणे, खरखर कमी करणे हे सारे संगणक करतो. आम्ही वापरलेले उपकरण अंगठ्याएवढे आहे. त्यातील चिप मुळात युरोपातील दूरचित्रवाणीचे डिजिटल प्रक्षेपण संगणकावर पाहण्यासाठी बनवली गेली होती. तिच्यातून मोजमापाचे कच्चे आकडे थेट बाहेर काढता येतात, हे २०१२च्या सुमारास हौशी मंडळींच्या ध्यानात आले आणि एरवी लाखाच्या घरात जाणारी गोष्ट काही हजारांत आली.

असा रेडिओ इंटरनेटवर खुला करण्याची कल्पना नेदरलँड्समधली. तेथे ड्विंगेलो या ठिकाणी २५ मीटर व्यासाची जुनी रेडिओ दुर्बीण आहे. तिच्याद्वारे चंद्रावरून परावर्तित होऊन येणारे हौशी रेडिओवाल्यांचे संकेत इतरांनाही घरबसल्या ऐकता यावेत, यासाठी पीटर-त्येर्क द बूर यांनी २००७मध्ये एक प्रणाली लिहिली. पुढे २००८मध्ये ट्वेंटे विद्यापीठातील हौशी रेडिओ मंडळात त्यांनी असाच एक ग्राहक सर्वांसाठी खुला केला. आजही जगभरातील शेकडो माणसे एकाच वेळी तो ऐकतात आणि त्यांतील प्रत्येक जण आपल्याला हवे ते स्टेशन स्वतंत्रपणे लावतो. आम्ही वापरलेली ‘ओपनवेबआरएक्स’ ही प्रणाली हंगेरीतील आंद्राश रेत्स्लर यांनी विद्यार्थिदशेत सुरू केली. पुढे जर्मनीतील याकोब केटर्ल यांनी ती सांभाळली. दोघांनीही ती मुक्त ठेवली. न पाहिलेल्या माणसांचे हे ऋण आमच्या शाळेवर आहे.

यंत्रे टपालाने आली, संगणकही रास्पबेरी पाय नावाचा, तळहातावर मावेल एवढा. प्रणाली एका दुपारी बसवून झाली. खरे काम अँटेनाचे होते. प्रथम तार छपरावर बांधली आणि पडदा पाहिला. या पडद्याला ‘वॉटरफॉल’, म्हणजे धबधबा म्हणतात. आडव्या दिशेला कंप्रता, वरून खाली सरकणारा काळ आणि जेथे संकेत असेल तेथे उजळ रेघ. आमचा धबधबा मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिवळाधमक उजळलेला होता आणि कानात केवळ घरघर येत होती.

वीज कंपनीतल्या मित्राने मुख्य स्वीच पाडला. आमचा संगणक बॅटरीवर चालू होता. क्षणात पडदा गडद निळा झाला आणि त्यावर स्टेशनांच्या बारीक रेघा उमटल्या. याचा अर्थ, गोंगाट आकाशात नव्हता, आमच्याच इमारतीत होता. मग एकेक एमसीबी चढवत शोध सुरू झाला. अभ्यासिकेतील स्वस्त एलईडी नळ्या, मोबाइलचे दोन चार्जर, पाण्याच्या टाकीवरील कंट्रोलर, असे गुन्हेगार क्रमाने सापडले. या वस्तूंमधील वीजपुरवठा दर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्याची किरकोळ गळती हवेत व तारांत पसरते. नववीच्या मुलींनी बॅटरीवरचा लहान ट्रान्झिस्टर हाती घेऊन खोल्या पालथ्या घातल्या आणि कोणत्या दिव्याजवळ घरघर वाढते याचा नकाशा वहीत काढला. सगळे दिवे बदलणे शक्य नव्हते. म्हणून अँटेनाच इमारतीपासून दूर नेली.

आता मैदानाच्या कडेच्या दोन कडुलिंबांमध्ये वीस मीटर तार ताणलेली आहे. तारेच्या टोकाशी फेराइटच्या कड्यावर तीन तारा एकत्र गुंडाळून नऊ वेढ्यांचा लहान ट्रान्सफॉर्मर केला आहे. लांब तारेचा विरोध मोठा आणि केबलचा लहान. दोहोंचा मेळ घालण्यासाठी वेढ्यांचे प्रमाण एकास तीन ठेवले, की विरोधाचे प्रमाण एकास नऊ होते. तेथून केबल टीव्हीची साधी तार जमिनीखालून संगणक-कक्षात येते. ही तार आमच्या केबलवाल्या मित्राकडे पडून असलेल्या भेंडोळ्यातली आहे. कोळसा आणि मीठ भरून अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा केला. विजांच्या दिवसांत अँटेना यंत्रापासून तोडून जमिनीला जोडणारा स्वीच बसवला. तो पाडण्याची जबाबदारी वसतिगृहाच्या मंत्रिमंडळातील ‘आकाशमंत्री’ या नव्या खात्याकडे आहे.

आणखी एक अडचण अनपेक्षित होती. आकाशवाणी नागपूरची ५८५ किलोहर्ट्झ ही मध्यमलहर आमच्याकडे इतकी जोरात येते की, त्या चिमुकल्या यंत्राला बाकी काही ऐकूच येईना. आठ बिटांची चिप लहरीची उंची फक्त २५६ पायऱ्यांत मोजते. समोर कोणी मोठ्याने ओरडत असेल, तर साऱ्या पायऱ्या त्याच्यातच खर्ची पडतात आणि कुजबुज हरवते. उपाय अडगळीत सापडला. भोजनगृहातला तो जुना रेडिओ आम्ही उघडला, त्यातला गँग कंडेन्सर सोडवला, त्याच्याशी एक वेटोळे जोडून ५८५चा जोर कमी करणारा सापळा केला आणि तो अँटेनाच्या वाटेवर बसवला. गँग हळूहळू फिरवताना एका बिंदूवर ती जाड रेघ बारीक झाली आणि तिच्या दोन्ही बाजूंना दबलेल्या रेघा उजळू लागल्या. ज्या रेडिओने आम्हाला ऐकवले, त्याचा एक अवयव आजही ऐकवण्याच्या कामी येतो आहे, याचे समाधान शब्दांत सांगता येणार नाही.

इंटरनेटचा घोळ वेगळाच होता. तालुक्याच्या ठिकाणाहून आलेल्या आमच्या जोडणीला स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही. सेवा देणारी कंपनी अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवते. वसतिगृहातून पत्र बाहेर जाते, पण भेटायला आलेल्या पाहुण्याला मूल कोणत्या खोलीत आहे हे फाटकावर कोणी सांगत नाही, तशी ही गत. शेवटी महिना काही शे रुपये भाड्याने बाहेर एक लहान सर्व्हर घेतला. शाळेतला संगणक स्वतःहून त्याच्याशी संपर्क साधून वाट उघडी ठेवतो आणि बाहेरचा श्रोता त्या वाटेने आत येतो. प्रत्येक श्रोत्याकडे जातो तो केवळ त्याने निवडलेला आवाज आणि धबधब्याचे चित्र. त्यामुळे भार फार पडत नाही. तरी एका वेळी दहा श्रोते अशी मर्यादा ठेवली आहे, कारण प्रत्येकासाठी वेगळे गणित त्या तळहाताएवढ्या संगणकालाच करावे लागते.

मुलांच्या बाबतीत पहिला आनंद गणिताने दिला. ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ एवढा आपल्याकडचा सारा मध्यमलहर पट्टा पडद्यावर एकाच वेळी मावतो. सातवीच्या एका मुलाने स्टेशनांचे आकडे वहीत उतरवले : नागपूर ५८५, पुणे ७९२, मुंबई १०४४ आणि ५५८. थोड्या वेळाने तो धावत आला आणि म्हणाला, “सर, सगळ्यांना नऊनं भाग जातो!” खरेच आहे. आपल्या भागातील देशांनी मध्यमलहरीवर दर नऊ किलोहर्ट्झला एक जागा ठरवून घेतली आहे आणि ५३१पासून १६०२पर्यंत अशा १२० जागा होतात. पाठ्यपुस्तकातील नऊची कसोटी आकाशात लिहिलेली आहे, हे त्या मुलाला कोणी सांगितले नाही. त्याने ते स्वतः शोधले.

दुसरा आनंद सूर्यास्ताचा. दिवसा आयनोस्फिअरचा सर्वांत खालचा थर मध्यमलहरी शोषून घेतो, त्यामुळे जवळचीच स्टेशने ऐकू येतात. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात. पडद्यावर हे डोळ्यांनी दिसते. साडेपाचला चार-सहा रेघा असतात, साडेसातला पडदा भरून जातो. तेलुगू येते, हिंदी येते, कधी न कळणारी भाषा येते. “सर, अंधारात जास्त ऐकू येतं,” असे एक मुलगी म्हणाली. त्यावर आम्ही काही भाष्य केले नाही. तिचे वाक्य तिच्याच नावाने फळ्यावर लिहून ठेवले.

रविवारी सकाळी आम्ही सात मेगाहर्ट्झचा हौशी रेडिओचा पट्टा लावतो. तेथील बोलणे प्रथम बदकाच्या आवाजासारखे वाटते. बारकाईने जुळवले की त्यातून माणूस प्रकट होतो. कोणी आपल्या गावचे हवामान सांगतो, कोणी स्वतः बनवलेल्या अँटेनाबद्दल विचारतो. २००१च्या भूज भूकंपात दूरध्वनी बंद पडले असताना याच हौशी मंडळींनी निरोप पोहोचवले होते, हे आम्ही मुलांना सांगितले. आपल्याला बोलता कधी येईल, असे दोघींनी विचारले. बोलण्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते आणि परवाना मिळवावा लागतो. दोघींनी तिची तयारी सुरू केली आहे.

ऐकण्याचीही शिस्त असते, हा या उपक्रमातला आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा धडा. हे यंत्र पुष्कळ काही पकडू शकते. जे सर्वांसाठी बोललेले नाही, ते ऐकू येते एवढ्यावरून ते ऐकणे आणि जगाला ऐकवणे योग्य ठरत नाही. म्हणून प्रसारण केंद्रे आणि हौशी रेडिओ एवढेच पट्टे आम्ही खुले ठेवले. सरकारी व खासगी संपर्काचे पट्टे प्रणालीत घातलेच नाहीत. दुसरी शिस्त सहजीवनाची. एका यंत्राला एका वेळी एकच पट्टा घेता येतो. त्या पट्ट्यात प्रत्येक जण आपापले स्टेशन लावू शकतो, पण कोणी पट्टाच बदलला, तर बाकी सर्वांचे ऐकणे तुटते. पहिल्या आठवड्यात दूरच्या कोणा श्रोत्याने असे केले आणि वसतिगृहात बातम्या ऐकत बसलेली मुले हिरमुसली. त्यानंतर पट्टा बदलण्याची सोय बाहेरच्या श्रोत्यांसाठी बंद केली आणि वेळापत्रक लावले. एका भांड्यातले पाणी सर्वांनी प्यायचे असेल तर ते कोणी एकट्याने ढवळू नये, हे वसतिगृहात वाढलेल्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

एक आक्षेप सुशिक्षितांकडूनही आला. आकाशवाणीची केंद्रे आता मोबाइलच्या ॲपवर स्वच्छ ऐकू येतात. मग ही खरखर कशासाठी? याचे उत्तर आम्हाला मस्कतला नोकरी करणाऱ्या आमच्या एका वर्गबंधूने दिले. जूनच्या आरंभी एका संध्याकाळी तो तिकडून शाळेचा रेडिओ ऐकत होता. मध्येच त्याचा संदेश आला, “तिकडे विजा चमकू लागल्या का रे?” आम्ही बाहेर पाहिले. पूर्वेकडे आभाळ भरून आले होते. गाण्याच्या मधोमध होणारी करकर त्याने ओळखली होती. ॲपवर कार्यक्रम ऐकू येतो. आपल्या गावचे आभाळ ऐकू येत नाही. त्या रात्री आकाशमंत्र्याने स्वीच पाडला तेव्हा मस्कतचा आवाज बंद झाला आणि दहा मिनिटांनी आमच्याकडे पाऊस सुरू झाला.

आता त्या वृद्ध पालकांच्या प्रश्नाकडे वळतो. याने पोट भरत नाही, हे खरेच. परंतु आमच्यासारख्या शाळांना जन्मापासून घेण्याची सवय लागलेली असते. धान्य घ्यावे, गणवेश घ्यावे, देणगीदारांची नावे फळ्यावर लिहावीत. त्यात कमीपणा नाही, त्यावरच आम्ही वाढलो. तथापि, केवळ घेत राहिलेल्या मुलाच्या मनात, आपल्याजवळ जगाला देण्यासारखे काही नाही, अशी एक समजूत नकळत रुजते. हा रेडिओ ती समजूत थोडी हलवतो. आज मस्कत, पुणे किंवा आणखी कोठे बसलेला कोणी अनोळखी माणूस आमच्या कडुलिंबांमधल्या तारेने ऐकतो. ती तार मुलांनी ताणलेली असते आणि त्याच्यासाठी ती चालू ठेवण्याची जबाबदारीही मुलांचीच असते. ऐकायला येणाऱ्याला आम्ही नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, आडनावही विचारत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके आडनाव विचारून दारातच थांबवले गेले, त्या समाजाच्या शाळेने आपले एक दार न विचारता उघडे ठेवावे, यात पोटाच्या पलीकडची एक भूक भागते, असे आम्हाला वाटते.

आकाशवाणीचे ब्रीदवाक्य ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ हे आहे. भगवान बुद्धांनी आपल्या पहिल्या भिक्खूंना चारिकेला धाडताना उच्चारलेले हे शब्द. भोजनगृहातल्या रेडिओसमोर बसून आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो, तेव्हा त्यातील ‘बहुजन’ म्हणजे ऐकणारे आम्ही, एवढेच आम्हाला ठाऊक होते. ऐकवणाऱ्यांमध्येही आपण असू शकतो, हे ध्यानात यायला पंचवीस वर्षे लागली.

ते पालक अलीकडे नातवाला भेटायला आले होते. नातवाने त्यांना संगणकासमोर बसवले आणि नागपूर केंद्राचा शेतीविषयक कार्यक्रम लावून दिला. ते बराच वेळ ऐकत होते. जाताना त्यांनी विचारले, “मी घरून आइकू शकतो काय?” नातवाने त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर पत्ता टाकून दिला.

यंत्र आज व्यवस्थित चालू आहे. वीज गेल्यावर दोन तास पुरेल अशी बॅटरी लावली आहे. पावसाळ्यानंतर तार पुन्हा ताणावी लागेल. सर्व्हरचे भाडे पुढील तीन वर्षांपर्यंत आम्ही चौघे भरणार आहोत. त्यानंतरचा भार एखाद्या तरुण तुकडीने उचलावा, ही विनंती. ज्या माजी विद्यार्थ्यांकडे जुने, बंद पडलेले रेडिओ असतील, त्यांनी ते भंगारात न देता शाळेकडे पाठवावेत. त्यांतले गँग, फेराइटच्या कांड्या आणि स्पीकर मुलांच्या हाताला शिकवतील. महोत्सवासाठी येणाऱ्या सर्वांनी सायंकाळी सूर्यास्ताच्या आधी संगणक-कक्षात यावे आणि पडदा रेघांनी भरताना मुलांसोबत पाहावा, असे आमचे अगत्याचे निमंत्रण आहे.

शाळेच्या पुढील वाटचालीस आम्हा सर्वांच्या मंगल कामना.